किनाऱ्याच्या वाळूची मॉडेलं: कोड सगळ्यांचा, मोजमाप कोणाचं?

वाळूचा_हिशोब (धागाकर्ता)

मालवणजवळच्या देवबागच्या धुपेवरच्या धाग्यात कोणीतरी विचारलं होतं, "एवढे सुपरकॉम्प्युटर आहेत, मग पाच वर्षांनी किनारा कुठे असेल हे कोणी छातीठोकपणे का सांगत नाही?" तिथे उत्तर टंकायला घेतलं, ते आवरेना, म्हणून वेगळा धागा. किनाऱ्याची वाळू कशी हलेल हे संगणकावर काढणारी मॉडेलं मी पोटापाण्यासाठी चालवतो, तेव्हा बराचसा घरचा आहेर आहे.

आधी गणित काय असतं ते. समुद्राच्या तळाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाणी किती वेगाने जातंय, लाट किती उंच आहे, कुठे फुटतेय हे काढायचं. त्यावरून वाळू किती उचलली जाईल आणि कुठे पडेल ते काढायचं. आलेली वाळू वजा गेलेली वाळू, तेवढा तळ चढला किंवा उतरला. तळ बदलला की लाट फुटायची जागा बदलते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. यातला आवक-जावकीचा भाग पक्का आहे, त्यात वादाला जागा नाही. घोडं अडतं ते 'किती उचलली जाईल' इथे. वाळूची वाहतूक पाण्याच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या घाताने वाढते. म्हणजे वेग १० टक्क्यांनी चुकला, तर वाळूचा आकडा ३३ ते ६१ टक्क्यांनी चुकतो. मायर-पीटर आणि म्युलर (१९४८), बायकर, व्हॅन राइन अशी सूत्रांची रांगच आहे, आणि एकाच किनाऱ्याला दोन सूत्रं लावली की उत्तरात दुप्पट-तिप्पट फरक येणं रोजचं आहे. मोजलेल्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत कुठेही आकडा बसला, तरी आमच्यात लोक पेढे वाटतात.

आता या धाग्याचा खरा विषय. पूर्वी ज्याचं त्याचं मॉडेल ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेत कडीकुलपात. दोन गटांची उत्तरं वेगळी आली, तर फरक सूत्राचा, चौकोनांच्या आकाराचा, की कोणाच्या तरी कोडमध्ये चुकून पडलेल्या उणे चिन्हाचा, हे कळायला मार्ग नाही. २००० साली अमेरिकेत वुड्स होलला अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या लोकांच्या पुढाकाराने एक कार्यशाळा झाली. विषय एवढाच, की किनारी गाळाच्या वाहतुकीचं एक सामायिक मॉडेल सगळ्यांनी मिळून बांधता येईल का. त्यातून नवं मॉडेल शून्यातून लिहिलं गेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधीच खुल्या असलेल्या 'रॉम्स' या सागरी प्रवाहांच्या मॉडेलमध्ये गाळाचा भाग घातला गेला. २००८ मध्ये वॉर्नर आणि मंडळींनी तो सविस्तर छापला, आणि २०१० पर्यंत त्याला हवामानाचं 'वर्फ' आणि लाटांचं 'स्वॉन' जोडून 'कोऑस्ट' नावाची जोडणी उभी राहिली. वारा, लाट, प्रवाह आणि गाळ चालू असतानाच एकमेकांशी बोलतात.

तिकडे नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट-थ्रीडी या मॉडेलचे प्रवाह, लाटा आणि तळबदल हे भाग १ जानेवारी २०११ ला खुले झाले. वादळात किनारा कसा ढासळतो हे काढणाऱ्या 'एक्सबीच' या मॉडेलची गोष्ट आणखी मजेदार. २००४-०५ च्या चक्रीवादळांनी अमेरिकेचा किनारा फाडला, अमेरिकन सैन्याच्या अभियंता दलाने पैसा घातला, आणि मॉडेल लिहिलं रूलविंक आणि त्यांच्या डच-अमेरिकन चमूने. आज ते कोणीही उतरवून घेऊ शकतो. तुम्ही, मी, देवबागचा कोणीही.

मग अडलंय कुठे? मॉडेल खरं की खोटं हे ठरवायला मोजलेला किनारा लागतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डक गावी सैन्याची किनारी प्रयोगशाळा आहे. तिथे दहा-अकरा मीटर उंच, तीन चाकांचं एक धातूचं धूड असतं, त्याला 'क्रॅब' म्हणतात. वर माणूस बसतो, खाली चाकं फुटत्या लाटांतून तळावरून चालतात, आणि तळाची उंची नोंदली जाते. जिथे होडी नेता येत नाही आणि पायी जाता येत नाही, नेमकं तिथलं मोजमाप. दशकानुदशकं. ते आकडे खुले आहेत, म्हणून जगातलं जवळपास प्रत्येक किनारी मॉडेल कधी ना कधी डकच्या वाळूवर घासून पाहिलं गेलंय.

आपल्या कोकणाचं असं काय आहे? गेब्कोचा फुकट मिळणारा समुद्रतळाचा नकाशा साधारण साडेचारशे मीटरच्या चौकोनांचा. दोन सड्यांच्या, म्हणजे कातळी पठारांच्या, मध्ये अडकलेली आपली किलोमीटरभराची पुळण त्यात दोन-तीन ठिपक्यांत संपते. नौदलाचे नकाशे जहाजांसाठी असतात. उथळ पाण्यात जहाज येत नाही, तिथे खोलीचे आकडेही विरळ. आणि वाळू हलते ती नेमकी तिथेच.

चर्चा करू.

कोडगा

वाचनखूण साठवली. जबरी लिहिलंय.

प्रश्न: हे सगळं अजून फोरट्रानमध्येच आहे का? असेल तर आपण चार-पाच जणांनी मिळून पायथनमध्ये कोकणापुरतं स्वच्छ मॉडेल का लिहू नये? गिटवर टाकू, ज्याला जमेल तो हातभार लावेल. मी शनिवार-रविवार द्यायला तयार आहे.

वाळूचा_हिशोब

हो, एक्सबीच आणि रॉम्स दोन्ही फोरट्रान. उत्साहावर पाणी घालत नाही, पण 'आपलं मॉडेल' ही हौस जगात खूप जणांनी भागवून घेतलीय आणि त्यातली बहुतेक मॉडेलं लिहिणाऱ्याच्या पीएचडीसोबतच निवर्तली. सूत्र लिहायला आठवडा पुरतो. चाचण्या लिहायला वर्षं जातात. रॉम्समध्ये गाळाच्या भागाबरोबर छोट्या चाचण्या येतात. एक अगदी साधी: प्रयोगशाळेच्या वाळूच्या कालव्यात आडवा चर खणलाय, पाणी सोडल्यावर तो किती भरतो आणि प्रवाहाबरोबर किती सरकतो. हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे, मोजलेला आहे. उद्या तुम्ही कोडमध्ये कुठेही हात घातलात आणि चर भलतीकडे सरकला, तर दिसतं. एक्सबीचवाल्यांनी तर अशा चाचण्यांचा मोठा संच करून कोड बदलला की तो आपोआप चालेल अशी सोय केली.

तुमच्यासारख्यांना खरं काम जोडणीत आहे. कोलोरॅडोत बोल्डर विद्यापीठात २००७ पासून सीएसडीएमएस नावाचा खटाटोप चालू आहे. त्यांनी मॉडेलांसाठी एक ठरावीक तोंडवळा ठरवून दिला: सुरू कर, एक पाऊल पुढे जा, अमुक राशीची किंमत दे, अमुकची घे, बंद कर. एवढ्या हाका ज्या मॉडेलला कळतात, त्याला पायथनमधून दुसऱ्या मॉडेलला जोडता येतं, आत फोरट्रान असो की आणखी काही. नदीचं मॉडेल एकाचं, खाडीमुखाचं दुसऱ्याचं. देवबागजवळच्या कर्ली नदीच्या मुखाला हेच लागेल.

शंकासूर

लेख चांगला आहे, पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. मॉडेल पैसे देणाऱ्याचं ऐकतं. बंदर बांधायचं ठरलं की अहवालात 'लगतच्या किनाऱ्यावर नगण्य परिणाम' असं येतं, बंधारा घालायचा ठरला की 'बंधारा आवश्यक' येतं. कोड खुला असो की बंद, यात काय फरक पडणार?

निवृत्त_अभियंता

शंकासूर, तुमची शंका रास्त आहे. मी भौतिक प्रतिकृतींच्या काळातला माणूस. मोठ्या शेडमध्ये बंदराची छोटी प्रतिकृती करायची, एका बाजूने लाटा सोडायच्या. त्यातली मेख अशी की बंदर शंभरपट लहान करता येतं, पण वाळूचा कण शंभरपट लहान केला की तो वाळू राहत नाही, चिखल होऊन वागतो. म्हणून हलका पदार्थ वापरायचे, कोळशाचा चुरा वगैरे. मग कोळशाच्या वागण्यावरून वाळूचं अनुमान. तिथेही माणसाचा हात होताच. फरक इतकाच, की पाहायला आलेल्या कोणालाही प्रतिकृती डोळ्यांनी दिसायची, प्रश्न विचारता यायचे. संगणकावरच्या मॉडेलमध्ये निकालाचं रंगीत चित्र दिसतं आणि आत काय घातलं ते दिसत नाही.

म्हणून माझं मत: कोड खुला असून भागत नाही, आत घातलेली फाइल खुली हवी. वाळूचा कण किती मिलिमीटरचा धरला, तळाचा खडबडीतपणा किती, लाटा कोणत्या वर्षाच्या. एवढं जरी अहवालाला जोडणं सक्तीचं झालं, तरी अर्धं काम होईल. दुसऱ्या कोणालाही तेच मॉडेल परत चालवून पाहता येईल.

वाळूचा_हिशोब

काका, अगदी हेच. उदाहरण देतो. एक्सबीचमध्ये 'फॅकुआ' नावाची एक कळ आहे. लाट उथळ पाण्यात येते तेव्हा तिचा माथा टोकदार होतो आणि पुढची बाजू उभी होते, त्यामुळे थोडी वाळू किनाऱ्याकडे ढकलली जाते. ती किती, हे या कळीवर ठरतं. कमी ठेवली की किनारा भराभरा खातो, वाढवली की तग धरतो. मोजलेला किनारा हाताशी नसेल, तर ही कळ कुठे ठेवायची हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर. बंधारा हवा असेल तर एका बाजूला, नको असेल तर दुसऱ्या. दोन्ही आकडे जगात कुठे ना कुठे छापलेले सापडतील, तेव्हा खोटं बोललं असंही म्हणता येत नाही!

तारकर्लीचो

माका एक सांगा. पावसात पुळण खरवडून जाता आणि दिवाळीच्या सुमाराक परत येता, ह्या आमच्या आजयेक सुद्धा म्हायत होता. त्याक कॉम्प्युटर कशाक व्हयो?

(पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर निम्म्या लोकांना कळायचं नाही.) प्रश्न येण्या-जाण्याचा नाहीच. काही वर्षी गेलेली सगळी परत येत नाही, आणि काही ठिकाणी पूर्वी उधाणाला पाणी माडांपर्यंत येत नव्हतं ते आता येतं. कर्लीच्या मुखातला वाळूचा पट्टा, ज्याला पर्यटनवाले 'त्सुनामी आयलंड' म्हणून विकतात, तो दर वर्षी जागा बदलतो. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) जाणाऱ्यांना विचारा, बाहेरचा वाळूचा दांडा कुठे आहे ते लाट फुटण्यावरून सांगतात. रापण ओढायची तर ते माहीत असावंच लागतं. तुमच्या मॉडेलात ह्याला जागा आहे का?

वाळूचा_हिशोब

जागा आहे, आणि तुमचा प्रश्नच मॉडेलाची सर्वांत दुखरी नस आहे. एक्सबीच जन्माला आलं ते वादळासाठी. काही तास, फार तर काही दिवस. वाळूची टेकडी कशी ढासळते हे ते उत्तम सांगतं. पण वादळानंतर मंद लाटांनी वाळू हळूहळू परत कशी येते, हे सांगणं या जातीच्या सगळ्याच मॉडेलांना जड जातं. लाटेमागून लाट, दर लाटेला कणभर वाळू, महिनोन्महिने. प्रत्येक लाटेतली बारीकशी चूक साठत जाते. वेळ वाचवायला आम्ही तळातला बदल दहापट करून टाकतो, एका तासात दहा तासांचा बदल. वादळाला चालून जातं, आठ महिन्यांच्या सावरण्याला तीही चूक दहापट होण्याचा धोका.

कोकणात दोन्ही अर्ध्या भागांचं सारखंच महत्त्व. जून ते सप्टेंबर सलग मार, मग ऑक्टोबर ते मे परतफेड. 'परत आली नाही ती वाळू किती' हा तुमचा प्रश्न म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधला छोटा फरक. दोन्ही आकडे नीट आल्याशिवाय तो फरक काढता येत नाही.

आणि रापणकरांची माहिती: दांडा कुठे फुटतोय याचा रोजचा फोटो, ठरलेल्या जागेवरून काढलेला, हे मोजमापच आहे. सिडनीत २०१७ पासून 'कोस्टस्नॅप' याच तत्त्वावर चालतं. समुद्राकडे तोंड करून खांबावर फोन ठेवायची खाच, येणारा-जाणारा फोटो काढतो आणि पाठवतो.

डेल्फ्टवासी

इकडून थोडी भर. नेदरलँड्समध्ये १९६५ पासून दर वर्षी सगळ्या किनाऱ्याचे आडवे छेद मोजतात. त्याला 'यारकुस' म्हणतात. टेकडीपासून पाण्याखालपर्यंत, ठरलेल्या रेषांवर. ही माहिती कोणीही उतरवून घेऊ शकतो. माझ्या विद्यापीठात पहिल्याच सत्रात मुलांना यारकुसचे आकडे हातात देतात.

२०११ मध्ये हेगजवळ 'झांडमोटर' केला. २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच ठिकाणी ओतली आणि समुद्रालाच ती वाटू दिली. मोजमाप पहिल्यापासून, तेही खुलं. म्हणजे किनारा राखणं आणि मॉडेल तपासणं हे एकाच प्रकल्पात. पण एक विसरू नका: इथे देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे, किनाऱ्यावर दर वर्षी साधारण १.२ कोटी घनमीटर वाळू घालावी लागते. मोजमापाचा खर्च त्या मानाने चिल्लर. कोकणात सडे आहेत, गाव मागे सरकू शकतं, म्हणून सरकारी तिजोरीला तेवढी घाई नाही. यारकुसची नक्कल करा म्हणणं सोपं आहे, पैसे कोण देणार?

शंकासूर

+१. हेच म्हणत होतो. आणि देवबागात मागे सरकायला जागा कुठाय? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली.

कोडगा

बेसिक प्रश्न. मॉडेल 'बरोबर' आलं हे कसं ठरवता? टक्केवारी असते का?

वाळूचा_हिशोब

सगळ्यात जास्त वापरतात तो ब्रायर गुणांक. कल्पना अशी, की काहीच न करता "किनारा आहे तसाच राहील" असं म्हणणाऱ्या आळशी माणसाशी मॉडेलची स्पर्धा लावायची. मॉडेल अचूक निघालं तर १. आळशाइतकंच चुकलं तर ०. आळशापेक्षा जास्त चुकलं तर उणे. लाखो रुपयांचं मॉडेल उणे येणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

सामूहिक कामाचा मला आवडलेला सर्वोत्तम नमुना न्यूझीलंडमधल्या तैरुआ किनाऱ्याचा. १९९९ ते २०१४ ची किनाऱ्याची माहिती सगळ्या गटांना दिली, पुढच्या तीन वर्षांची लपवून ठेवली. १९ मॉडेलांनी अंदाज दिले, पारंपरिक आणि मशीन लर्निंगवाली दोन्ही. मग पेटी उघडली. २०२० मध्ये निकाल छापला, कोणाचं कुठे फसलं ते सगळ्यांच्या नावानिशी. आपल्याकडे अशी अंध परीक्षा एकदा तरी व्हावी अशी फार इच्छा आहे.

म्हापशेकार

गोव्यातल्या कांदोळीचं 'रिव्हर प्रिन्सेस' आठवतंय का कोणाला? जून २००० मध्ये खनिजाचं ते मोठं जहाज पावसाळी समुद्रात भरकटून किनाऱ्याजवळ रुतलं, आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच कुजत बसलं. त्याच्या आडोशाला वाळू साठली, बाजूची पुळण खरवडली. पुढे तुकडे करून काढलं. तुमच्या भाषेत हा फुकटात झालेला प्रयोग नव्हे का? समुद्रात अडथळा ठेवला, वाट पाहिली, अडथळा काढला.

वाळूचा_हिशोब

वा! हे धाग्याचं सोनं आहे. लाटेचा अडथळा कोणत्या महिन्यात आला ते माहीत, आकार माहीत, कधी गेला तेही माहीत. कुठलीही सरकारी परवानगी मागितली असती तर असा प्रयोग जन्मात करता आला नसता.

आणि यासाठी मैदानी मोजमाप नसलं तरी काही अंशी चालेल. लँडसॅट उपग्रहांची १९८० च्या दशकापासूनची छायाचित्रं आज खुली आहेत, सेंटिनेलची २०१५ पासूनची. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या 'कोस्टसॅट' या खुल्या पायथन साधनाने त्यातून पाण्याची कड काढता येते. कोडगा, हे घ्या तुमचं शनिवार-रविवारचं काम. पण सावध: छायाचित्र घेतलं तेव्हा भरती होती की सुकती, यावर कड बरीच मागेपुढे होते, ती दुरुस्ती केलीच पाहिजे. ती करूनही दहा-पंधरा मीटरची चूक उरते. शिवाय जून ते सप्टेंबर ढग. म्हणजे वाळू जाते त्या महिन्यांत उपग्रह आंधळा.

कोडगा

घेतलं. कांदोळी ते सिकेरी, १९९५ ते २०२०. गिटवर टाकतो, दुवा इथे देईन.

प्राजक्ता_म

मी भूगोल शिकवते, आमचं कॉलेज किनाऱ्यापासून जवळ आहे. ढगांच्या महिन्यांत मुलांकडून काही मोजून घेता येईल का? जीपीएसचं महागडं यंत्र नाही आमच्याकडे.

वाळूचा_हिशोब

प्राजक्ताताई, यंत्राची गरजच नाही. एमरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दोन काठ्यांची पद्धत छापली, ती आजही चालते. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, दीडेक मीटरच्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या. मध्ये ठरावीक लांबीची दोरी. एक मुलगी जमिनीच्या बाजूची काठी धरते, दुसरी समुद्राच्या बाजूची. उतार असेल तर मागची मुलगी पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेवर आणते आणि तिची नजर स्वतःच्या काठीवर वरून किती सेंटिमीटर खाली कापतेय ते वाचते. तेवढा उतार. मग दोन्ही काठ्या एक दोरीभर पुढे. पाणी कमरेला येईपर्यंत. पावसाळ्यात मात्र घोट्यापर्यंतच, याबाबतीत हट्ट नको.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सुकती सगळ्यात खोल जाते, आणि आपल्याकडे त्या दिवशी भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सुकती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे. सकाळची धरा. पावसाने क्षितिज दिसत नसेल त्या दिवशी सोडून द्या.

फाइलमध्ये एवढे रकाने: तारीख, वेळ, रेषेचा क्रमांक, सुरुवातीच्या खुणेपासून अंतर, उतार, कोणी मोजलं. आणि दर रेषेवरची मूठभर वाळू पिशवीत, चिठ्ठीसकट. कणाचा आकार नंतर चाळणीने काढू.

निवृत्त_अभियंता

चाळण्यांचा संच मी मिळवून देतो. व्यक्तिगत निरोप करा.

डेल्फ्टवासी

हे दोन वर्षं सलग झालं, तर एक्सबीचच्या लोकांपुढे 'मोसमी किनाऱ्याची चाचणी' म्हणून ठेवायला मी मदत करीन. त्यांनाही असा किनारा हवाच असेल. एकच अट: मधला पावसाळा चुकवायचा नाही.

शंकासूर

दोन वर्षं मुलं टिकतील? पैज लावतो, गणपतीच्या सुट्टीत पहिला खंड पडेल.

प्राजक्ता_म

पैज घेतली. हरलात तर काठ्या तुम्ही आणून द्यायच्या.

तारकर्लीचो

आमच्या बाजूला पण एक रेषा घ्या, मी आणि चुलतभाऊ करू. सुरुवातीची खूण कशावर करायची? बंधाऱ्याच्या दगडावर तेलरंगाने केली तर?

वाळूचा_हिशोब

बंधाऱ्यावर नको, त्याचे दगड पावसात खचतात. खूणच खाली गेली तर किनारा वर आल्यासारखा दिसेल. जुनं, पक्कं जोतं बघा. देवळाचं असेल तर उत्तम.

तारकर्लीचो

चलात. पुजाऱ्याक विचारतंय.